थंडीला मारलेलं बूच

विकत घेतलेली थंडी फुकट गेलेली बाळासोंना अजिबात खपायची नाही. शाहूपुरीतल्या त्यांच्या आइस्क्रीमच्या कारखान्यात नवी थंड खोली बसली, तर तिच्या भिंतीत वर मनगटाएवढं भोक! बसवणारा बजावून गेला, हे बुजवू नका. पण ऐकतील तर ते बाळासो कसले? "दार एवढं घट्ट करायचं आन् वर खिडकी ठेवायची व्हय? आक्काताई, मारा बूच." कामावरच्या आक्काताईंनी ओल्या पोत्याचा बोळा आतून ठासून बसवला. मालक खूश, म्हणून त्याही खूश.

आठवड्यानं भर उन्हाळ्यातल्या दुपारी माल लावायला दार अर्धा तास सताड उघडं राहिलं आणि बाहेरची तापलेली हवा आत भरली. मग माणसं जेवायला गेली, बाळासो गाडी घेऊन पेठ वडगावला गेले. आक्काताई नमुने काढून द्यायला आत शिरल्या. बरोबर तपासणीला येणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम होत्या. मागं दार लागलं.

दहा मिनिटांनी आक्काताईंनी आतला दांडा ढकलला. दांडा फिरला, पण दार जागचं हललं नाही. त्यांनी खांदा लावला, मग दोघींनी मिळून लावला. छे! भिंतच जणू.

"कुणी कुलूप घातलं का काय? आरं ए! कोण हाय का भाईर?"

वीतभर जाडीच्या भिंती, आवाज जाणार कुठं? फोनला रेंज नाही. पंखे गरगरत होते, काटा उणे अठरावर. आक्काताईंना वाटलं, इथंच मरणार आपण, या व्हॅनिलाच्या डब्यांत.

"कुलूप नाही, आक्का," मॅडमचे दात वाजत होते. "आतली हवा गार झाली की तिचा दाब उतरतो. बाहेरची हवा दार दाबून धरते. शंभरातला एक भाग जरी दाब उतरला, तरी या दारावर दोनशे किलो भार."

"हवेचा? दोनशे किलो?"

"हो. म्हणून तर अशा खोलीला भोक असतं, हवा आत यायला. इथलं कुठं आहे?"

 एवढ्या थंडीत आक्काताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मेली ही लाज, मरताना तरी सोडावी की माणसाला! मॅडमचे ओठ निळे पडलेले दिसले, तेव्हा कुठं तोंड उघडलं.

"वर हाय. म्या बुजवलंय. मालक म्हणलं आन् म्या मारलं. त्यो माणूस नको म्हनत हुता, ऐकलंवतं म्या."

मॅडमनी क्रेट ओढले, एकावर एक रचले आणि आक्काताईंची कंबर धरली. बर्फ खरवडायची सळई घेऊन आक्काताई वर चढल्या. ओला बोळा गोठून लाकूड झाला होता. त्या घालू लागल्या घाव. बोटं बधिर झाली, सळई दोनदा निसटली. त्या रडत होत्या, बाळासोंना शिव्या घालत होत्या आणि त्याहून जास्त स्वतःला. शेवटी बोळ्याचा टवका उडाला आणि सूं करून ऊन ऊन हवा तोंडावर आली. बाहेरच्या रस्त्यावरच्या डिझेलचा वास! असला गोड वास त्यांनी जन्मात घेतला नव्हता.

पुढच्याच धक्क्याला दार उघडलं. दोघी उन्हात फरशीवर बसून लटलट कापत राहिल्या.

बाळासो आले. उघड्या दारातून त्यांची नजर आधी भोकाकडं गेली. "बूच कुणी काढलं? थंडी वाया चाललीया सगळी!"

वीस वर्षं आक्काताई या माणसाला 'व्हय मालक' म्हणत आल्या होत्या. त्या उठल्या, दार पूर्ण उघडून धरलं.

"बूच परत मारते की, मालक. तुम्ही आत जावा, म्या भाईरनं दार लावते."

बाळासोंनी आत पाहिलं, मग आक्काताईंच्या तोंडाकडं पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरकले.