पाच पन्नासची फेरी

मी शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात काम करतो. म्हणजे बस उशिरा आली की लोक ज्याच्या नावानं बोटं मोडतात, तो मी. मी स्वतः मात्र गाडी चालवत नाही. सहा वर्षांपूर्वी चालवता चालवता आकडी आली, गाडी भिंतीवर गेली आणि मागच्या सीटवर मुंगी होती. मुंगी म्हणजे माझी मुलगी, आता दहा वर्षांची. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण मी परवाना परत केला आणि वर्षभरात संसारही मोडला.

ती आईकडे राहते. महिन्यातला एक रविवार माझा, तोही तिच्या आईच्या हॉलमध्ये, आईचे कान आमच्याकडे लागलेले असताना. सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारखं बसून स्वतःच्याच मुलीला "शाळा काय म्हणते?" असं विचारायचं. ती म्हणायची "ठीक", की संपलं. पाच वर्षं हेच चाललं होतं. शेवटी मी धीर करून म्हणालो, "तिला एकदा थीम पार्कला नेतो."

"कशानं नेणार?" तिच्या आईनं विचारलं.

"बस, मग मेट्रो, मग परत बस."

"या टोकावरून त्या टोकाला?" ती हसली नाही, म्हणून जास्तच लागलं. "ने. आठवणीनं गोळी घे. आणि सात म्हणजे सात. एक मिनिट उशीर झाला, तर पुन्हा इथेच भेटायचं."

तिचं काही चुकत नव्हतं. ती भिंत तिनंही पाहिली होती.

मग मी चार रविवार एकट्यानं तालीम केली. हसा खुशाल. आमच्या विभागात नवी फेरी आधी स्वतः बसून पाहतात, तेच मी केलं. कुठल्या दारातून उतरलं की जिना समोर येतो, कुठल्या सिग्नलला बस अडकते, सगळं वहीत लिहिलं. शेवटच्या थांब्यावरून फाटकापर्यंत चालत अकरा मिनिटं लागतात, तीही मोटारींच्या तळाच्या कडेकडेनं, कारण पायी कुणी येईल हे तो तळ बांधणाऱ्याच्या गावीही नव्हतं. प्रत्येक बदलाला मी राखीव मिनिटं ठेवली. एक बस चुकली तर दुसरी, असा हिशोब.

आतला वेळही मोजायचा होता, म्हणून तिकीट काढून आत जायचो. पन्नाशीचा एकटा माणूस हातात वही घेऊन पाळण्यांसमोर उभा राहिला की आया मुलांना जवळ ओढतात. त्यांचंही बरोबरच आहे, पण घरी आल्यावर जेवण जात नसे. होडीच्या झुल्यात दोघं बसतात. एकटा बसलो की तोल जातो, म्हणून होडीवाला माझ्या शेजारी वाळूचं पोतं ठेवायचा आणि त्यालाही पट्टा लावायचा. चारही रविवार मी त्या पोत्याशेजारी बसून वरखाली झालो. मागून कुणीतरी फिदीफिदी हसायचं.

ठरलेल्या रविवारी सगळं घड्याळाबरहुकूम झालं. मुंगी बसमध्ये खिडकीशी बसली आणि तोंड उघडलं ते मिटेचना. बाकावरची मैत्रीण रुसली आहे, बाई उगाच ओरडतात, आईचा नवा चष्मा तिला शोभत नाही. पाच वर्षं हॉलमध्ये "ठीक" म्हणणारी ती हीच का, असं मला वाटत राहिलं.

होडीपाशी रांगेत आमचा नंबर आला तसा होडीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "काय काका, आज पोतं नको ना?"

माझी पाचावर धारण बसली. मुंगीनं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"कसलं पोतं?"

तोवर पट्टे लागले होते, पळायची सोय नव्हती. मी सांगून टाकलं.

"चार वेळा? एकटा?"

"हो."

"भीती नाही वाटली?"

"झुल्याची नाही," मी म्हणालो. ती माझ्या दंडाला चिकटून बसली आणि होडी हलली.

उतरल्यावर ती म्हणाली, "बाबा, अजून एकदा. प्लीज."

रांग अर्ध्या तासाची होती आणि घड्याळात चार पन्नास झाले होते. रविवारची शेवटची बस पाच दहाला. ती चुकली तर सात वाजता दारात पोहोचणं शक्यच नव्हतं. मी नुसतंच घड्याळाकडे बघत राहिलो. मुंगीनं माझा चेहरा वाचला, रांगेकडे एकदा पाहिलं आणि माझा हात धरून स्वतःच फाटकाकडे चालू लागली. दहा वर्षांच्या पोरीला एवढी समज का असावी, याचं मला वाईट वाटलं.

शेवटची बस पाच दहाची, हे मी तिला चालता चालता सांगितलं. परतीला एकही बस चुकली नाही. सव्वासहाला आम्ही तिच्या इमारतीखाली होतो. पंचेचाळीस मिनिटं आधी! मी जिन्याकडे वळलो, तर ती पहिल्याच पायरीवर बसली.

"सात म्हणालीये ना आई? मग बस."

मी बसलो. जिन्यातून येणारे-जाणारे आम्हाला ओलांडून जात होते.

"पाच दहानंतर खरंच एकही बस नाही?" तिनं विचारलं.

"होती एक. पाच पन्नासची. सात वाजायला पाच कमी असताना इथे पोहोचवली असती."

"मग?"

"बंद केली."

"कुणी?"

खोटं बोलता आलं असतं. वरच्या साहेबावर ढकलता आलं असतं.

"मी," म्हणालो. "दोन वर्षांपूर्वी. त्या दिवशी अशा चाळीस फेऱ्या काढून टाकल्या. रविवारी त्या बसला कुणी नसायचं."

ती माझ्या घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आपण बसलो असतो ना."

दोन वर्षं रविवारी संध्याकाळी मी घरात एकटा भिंतीकडे बघत बसत होतो, आणि तिकडे ती बस मीच बंद करून ठेवली होती.

बरोबर सातला आम्ही बेल वाजवली. आईनं दार उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं. "पुढच्या महिन्यातही ने," ती म्हणाली. दार लागलं. खाली उतरताना ती पायरी आली आणि मी तिथे थोडा वेळ परत बसलो.

सोमवारी ऑफिसात फेरी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज काढला. हे अर्ज सहसा माझ्याकडेच येतात आणि मीच नामंजूर करतो. मार्ग लिहिला, वार लिहिला, वेळ लिहिली. साहेब खांद्यावरून वाकून म्हणाले, "अहो, अपेक्षित प्रवाशांचा रकाना कोरा ठेवलात. किमान वीस लागतात, तुम्हालाच ठाऊक."

वीस लिहिणं काही अवघड नव्हतं, कोण मोजायला जाणार होतं? पण एकवीस वर्षांत मी आकडा कधी फुगवला नाही. मी पेन उचललं आणि लिहिलं: दोन.