दहा तारखेपासूनचे नवशिके

विमानाच्या मेकॅनिककडे नखाएवढा एक शिक्का असतो, त्यावर त्याचा नंबर. काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो उठवायचा नाही, आणि तो उठल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. या शिस्तीत बावीस वर्षं काढलेल्या वहिनीनं आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली आणि तोच नेमका नडला.

ती युनियनची सेक्रेटरी. धाकटा दीर त्याच हँगरमध्ये, तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळं हँगर तिला वहिनी म्हणायचं. त्यांच्या छोट्या कंपनीला मोठीनं गिळलं, पेपरात त्याला 'विलीनीकरण' म्हणाले. त्या दिवशी हँगरमध्ये फुगे लावले होते, फोटोवाला घाई करत होता. जुने शिक्के जमा करा, नवे घ्या, इथे सही करा.

"करा रे सह्या, नुसती पोचपावती आहे," असं वहिनीच ओरडली. तिच्यासकट बेचाळीस जणांनी केल्या.

पोचपावतीच्या चौथ्या ओळीत छापलं होतं: दहा तारखेपासून नवीन नेमणूक.

हे कळलं तीन महिन्यांनी, नव्या कराराच्या बैठकीत. तीस माणसं जास्त होतात, जो शेवटी आला तो आधी जाईल, असं कंपनीचे साहेब म्हणाले आणि त्यांनी यादी सरकवली. तीसच्या तीस नावं छोट्या कंपनीतली. पहिलं दिराचं.

"यांना एकोणीस वर्षं झालीत इथे!"

"कागदावर तीन महिने," साहेबांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण सावकाश फिरवलं. "सही तुमचीच आहे ना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, तुमच्या एकटीची तारीख दुरुस्त करून देता येईल. आज करारावर सही केलीत तर."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फसवायचं ते फसवायचं, वर तिलाच दलाल करायला निघाले होते हे लोक! "माझी एकटीची तारीख तुमच्याकडेच ठेवा," म्हणून ती उठली.

संध्याकाळी दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या दोन्ही पोरी आत अभ्यासाला बसल्या होत्या, म्हणून हळू बोलत होता.

"वहिनी, तुम्ही म्हणालात म्हणून केली मी सही."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तिला मान वर करवेना.

"चुकलं माझं, भावजी."

"नवा म्हणे मी! ज्यांना शिकवलं ते मोठ्या कंपनीत जाऊन वरिष्ठ झाले आणि मी नवशिका. मग उद्यापासून माझ्याशेजारी एक वरिष्ठ उभा करा म्हणावं."

वहिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मोठ्या कंपनीचा नियम तिला पाठ होता: नव्या मेकॅनिकनं वर्षभर एकट्यानं शिक्का मारायचा नाही, शेजारी वरिष्ठ हवा. या बेचाळीस जणांना तीन महिन्यांत तो कुणी लावलाच नव्हता. तिनं तिथूनच एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं वेळेत झाली. चाकं, तेल, इंजिन, सगळं चोख. फक्त शिक्के खिशातच राहिले. प्रत्येकजण आपापल्या विमानाशेजारी हाताची घडी घालून वरिष्ठाची वाट बघत उभा होता, आणि मोठ्या कंपनीचे वरिष्ठ तिथे होते मोजून चार. अकरा विमानं अडकली.

साहेब धापा टाकत आले. "हा संप आहे!"

"कसला संप? काम झालंय. आम्ही नवे आहोत ना, तुमचा नियम पाळतोय," वहिनी म्हणाली. "आम्ही जुने असू, तर तसं लिहून द्या. बेचाळीस जणांचं."

साहेबांनी फोन केले, घाम पुसला, परत फोन केले. पाऊण तासानं कागद आला: सगळ्यांची नोकरी मूळ तारखेपासून धरली जाईल, आणि त्या क्रमाला सोडून कुणालाही काढणार नाही. साहेबांनी सही केली आणि पेन पुढे केलं.

"करा लवकर. प्रवासी खोळंबलेत."

वहिनीनं पेन घेतलं नाही. तिनं कागद वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मग दिराच्या हातात दिला.

"आता हे वाचतील. यांच्यामागे अजून चाळीस जण आहेत."