चांदीच्या काचेचा अहवाल

१९७४ साली खालापूरजवळच्या एका काच कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळत होतो. आमच्या काचेत चांदी मिसळलेली असे. भट्टीत बेताची आच मिळाली की ती काच अतिनील दिव्याखाली नारिंगी उजळे. आच जास्त झाली तर चांदीचे बारीक कण एकमेकांना मिळून मोठे होत, काच पिवळी पडे आणि तिचा उजेड जाई. हे मी पुस्तकात वाचलं होतं.

भट्टीवर कोंडाण्याचा जयवंता होता. चार वर्षं रोजंदारीवर. ही खेप नीट उतरली तर त्याला कायम करू, असं साहेब म्हणाले होते.

त्या दुपारी डोक्यावर गोणपाट ओढून त्याने भट्टीच्या भोकातून आत पाहिलं.

"भाऊ, आत लाली दिसते हाय."

"मीटर साडेचारशे दाखवतोय."

"साडेचारशेला लाली दिसत नाय कदी. मीटर बिघडलाय. आच उतरवू?"

माझ्या सांगण्याशिवाय त्याला आच बदलता येत नसे. त्याचं मला पटत होतं. पण मीटर नवा होता.

"थांब जरा, बघू."

"तुमचं बघून होईस्तवर काचंचा रस्सा होईल," तो हसला.

दुसऱ्या दिवशी काच पिवळी निघाली. दिव्याखाली धरली. अंधारच.

साहेबांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. जयवंता म्हणाला, "मी बोललो ते तेवढं लिवा, भाऊ. माजं तोंडी कोन ऐकतंय?"

मी तीन पानं लिहिली. मीटरमध्ये दोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही. भट्टीकामगाराने बहुधा तशी सूचना केली असावी. माझ्याकडून कदाचित काही विलंब झाला असेल.

साहेबांनी तिन्ही पानं वाचली. "गुप्ते, चूक कोणाची ते नक्की सांगा."

"तसं नक्की सांगता येणार नाही, साहेब."

त्यांनी कागद बाजूला ठेवले.

शनिवारी जयवंताला कामावरून कमी केलं. मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो.

"लिवलं व्हतं ना, भाऊ?"

"लिहिलं होतं."

"मंग सायबानं वाचलंच नसंल."

"नसेल," मी म्हणालो.

त्याने डबा काखेत मारला आणि तो चौक गावच्या रस्त्याला लागला. मी आत गेलो. सोमवारच्या खेपेसाठी काचा मोजून ठेवायच्या होत्या, त्या मोजल्या.