चूलबंद आवतण

मांडवभर खुर्च्या मांडून झाल्या होत्या, टोपातलं मटण शिजून तयार होतं, डीजेवाला आवाज तपासून चहा प्यायला गेला होता, आणि उन्नतीच्या हळदीला माणूस मात्र आलं नव्हतं. म्हणजे अगदीच कुणी नव्हतं असं नाही. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी होत्या, नेरूळच्या सोसायटीतले चार शेजारी होते, आणि मांडवाच्या तोंडाशी मोबाइल घेऊन उभा असलेला हितेश होता. नवरीचा सख्खा भाऊ, घरातला आता एकटाच कर्ता पुरुष. गाव समोरच होतं. खाडीच्या कडेने एकाला एक चिकटलेली घरं, प्रत्येक घरात दिवा लागलेला. पण एकाही घरातून कुणी उठून येत नव्हतं.

हितेशने आपल्या परीने काही कमी ठेवलं नव्हतं. आमंत्रणाचा झकास व्हिडिओ करून घेतला होता, त्यात सनई होती, झेंडूच्या माळा होत्या, कोपऱ्यात आजाचा फोटो होता. गावाच्या ग्रुपवर तो पडल्याबरोबर जोडलेल्या हातांचा नुसता पाऊस पडला. हितेशने ते हात बघितले आणि आचाऱ्याला सगळ्या गावाचा स्वयंपाक सांगून टाकला. आता नटूनथटून बसलेली उन्नती तिसऱ्यांदा पडद्याआडून डोकावली. गावच्या बायांचा हात न लागता ही पोर सासरी जाणार, आणि ते आयुष्यभर तिच्या मनात राहणार, हे हितेशला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

शेवटी तो शेवंताबाईंकडे गेला. त्या आजाच्या धाकट्या बहीण, सगळं गाव त्यांना आत्याच म्हणतं. मांडवातल्या खांबाला टेकून त्या पान लावत बसल्या होत्या.

“आत्या, सगळ्यांना मेसेज गेलाय. सगळ्यांनी हात जोडलेत.”

“हात फोनात जोडले नं? मग जेवाला पन फोनच येल,” आत्या म्हणाल्या. “दाराशी कोन गेलतं?”

दाराशी कुणीच गेलं नव्हतं. आणि दाराशी जायचं हे हितेशला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती. त्याचा आजा, नामा, जन्मभर तेच करत आला होता. गावात कुणाचंही लग्न निघो, आवतण द्यायला नामाच. उंबऱ्याशी उभं राहायचं, घरातल्या थोरल्याचं नाव घ्यायचं, तळहातावर अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचं, चूलबंद या. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही, लेकराबाळांसकट सगळे आमच्याकडे. भांडलेल्या घरी तो आधी जायचा. हितेशचे वडील गेले तेव्हा पोरं लहान होती. आजाने ती वाढवली, शिकवली, आणि वर अख्ख्या गावाची कार्यं अंगावर घेतली. हितेश त्याचं बोट धरून दारोदार फिरला होता, अक्षतांची वाटी त्याच्याच हातात असायची.

मग नेरूळला फ्लॅट झाला. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आजा लिफ्टने सरळ सगळ्यात वरच्या मजल्यावर गेला आणि एकेक बेल वाजवत खाली येऊ लागला. कुणाला वाटलं वर्गणी मागतोय, कुणाला आणखी काही. सेक्रेटरी श्यामसुंदर यांचा मेसेज आला तेव्हा हितेश तावातावाने गेला आणि लिफ्टच्या दाराशी सगळ्यांसमोर म्हणाला, “आजा, इथे असं चालत नाही. लोक तुला भिकारी समजतायत.”

आजाने उरलेल्या अक्षता रुमालात बांधल्या आणि तो गॅलरीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यांवरची माणसं झाडून जेवायला आली. खालच्या मजल्यांवरचं कुणी आलं नाही. हितेशला ते दिसलं होतं. पण त्यावर तो आजाशी एक शब्द बोलला नाही, आणि आजाने पुन्हा कधी कुणाची बेल वाजवली नाही. गेल्या वर्षी उन्नतीचा साखरपुडा बघून आजा गेला. वर्ष सरल्यावर लग्नाची तारीख काढली.

आत्यांनी हळदीच्या ताटातल्या मूठभर अक्षता हितेशच्या हातात दिल्या.

तो आधी भैरूबाबांच्या घरी गेला, कारण आजाही तिथूनच सुरुवात करायचा. प्लॉटच्या हद्दीवरून आजाशी वर्षानुवर्षं वाद घातलेला म्हातारा. दार उघडंच होतं. ओटीवर भैरूबाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. सून भरजरी साडीत होती, केसांत गजरा होता, पोरं नवे कपडे घालून बिस्किटं खात होती. आतला गॅस पुसून कोरडा ठेवलेला, त्यावर एकही भांडं नव्हतं.

हितेश उंबऱ्याशी थबकला. तुम्ही जेवला नाहीत का, एवढंच त्याला विचारता आलं.

“कसं जेवनार? नामा सांगून गेलाय,” भैरूबाबा म्हणाले. “जायच्या आदी सगल्या गावात फिरला. चालवत नव्हतं, भिंतीला धरून धरून आलता. बोलला, उन्नतीचं लगीन निंगंल तवा चूल बंद ठेवा, माजा हितेश येल आवतन द्याला. उशीर झाला तरी थांबा, पन तो आल्याबिगर उटू नका. त्याचा मान हाय तो.”

 टोपातलं मटण निवतंय म्हणून हितेश आला होता, आवतणाची आठवण ठेवून नाही. या म्हाताऱ्याला ते सांगायचं नाही असं त्याने ठरवलं, पण तोंडातून निघालंच.

“बाबा, मी ईसरलो व्हतो.”

शहरात गेल्यापासून ही भाषा त्याच्या तोंडी आली नव्हती.

“ठाव हाय,” भैरूबाबा हात पुढे करत म्हणाले. “मना सांगलास, बरा केलास. नामाच्या फोटोसमोर नको बोलू.”

हितेशने त्यांच्या तळहातावर अक्षता ठेवल्या, त्यांचं नाव घेतलं, चूलबंद या म्हणाला. भैरूबाबांनी चपला पायात सरकवल्या आणि सुनेला हाक मारली. मग तो पुढच्या दारी गेला, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक ओटीवर माणसं तयार होऊन बसलेली होती, प्रत्येक घरात गॅस कोरडा होता, आणि उशीर का झाला असं त्याला कुणीही विचारलं नाही. कुणीतरी विचारावं, दोन शिव्या घालाव्यात, असं त्याला फार वाटत होतं.

मांडव भरला. बायांनी हळदीची गाणी धरली, उन्नती हसताना रडली, पंगती बसल्या. स्टेजच्या बाजूला आजाचा फोटो हार घालून ठेवला होता. हितेश मटणाची बादली घेऊन वाढत राहिला, भैरूबाबांना आग्रह करून वाढलं, पोरांना वाढलं. फोटोसमोरच्या पंगतीपाशी मात्र दर वेळी त्याने बादली दुसऱ्याच्या हातात दिली.