चार बोटं आखूड

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कोट स्टुडिओत पोहोचला. दोन्ही बाह्या सारख्या होत्या.

वेशभूषेच्या बाईंनी टेप दोनदा लावून पाहिली. विनोदी मालिकेतल्या शिंप्याच्या कोटाची डावी बाही चार बोटं आखूड असते, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. कोट घेऊन आलेले मास्तर शांत उभे होते. ते खरे शिंपी; पडद्यावरचा शिंपी त्यांचा मुलगा.

मुलाचं नाव झालं तशी दुकानात गर्दी वाढली, पण मापं द्यायला नव्हे. लोक दारातून डोकावत, फोटो काढत आणि जाता जाता विचारत, उरलेली चार बोटं कधी मिळणार? एका जुन्या वकिलाने कोर्टाचा कोट गुपचूप दुसरीकडे शिवायला टाकला. चाळीस वर्षांत मास्तरांची कात्री एकदाही चुकली नव्हती. तरी मुलाचा एकही भाग त्यांनी चुकवला नाही. हसता हसता बायकोला सांगत, "कात्री कशी धरलीय बघ. माझाच हात आहे."

शंभराव्या भागाचा कोट बाबांनीच शिवावा, असा मुलाने हट्ट धरला. भागाच्या शेवटी पडद्यावर त्यांचं नाव येणार होतं.

"नाव माझं आणि बाही आखूड?" एवढंच विचारून त्यांनी कापड ठेवून घेतलं. पुढे तीन दिवस आखूड बाहीची खडूची खूण होती तिथेच राहिली. कात्री काही त्या खुणेवर चालेना. बायकोने समजावलं, की पोराचं पोट आहे त्या बाहीवर. मास्तर म्हणाले, त्याचं पोट याच हातांनी भरलंय.

आता स्टुडिओत बाह्यांचं कळताच मुलगा अर्ध्या मेकअपमध्ये धावत आला. मास्तरांनी बाही उलटून आतला पांढरा धागा दाखवला.

"हा ओढलास की चुण्या पडून बाही चार बोटं वर चढते. कापड मी कापलेलं नाही. ओढायचा की नाही, ते तू बघ."

मुलाने कोट चढवला. खांद्यावर एक सुरकुती नाही. आरशात बघत तो म्हणाला, "लहानपणी मात्र उरल्यासुरल्या तुकड्यांचे सदरे घातलेत मला."

"तुझं माप एका जागी राहत होतं का? रोज वाढायचास."

पावणेपाचला चित्रीकरणाचा लाल दिवा लागला. मास्तर प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत ताठ मानेने बसले होते. मुलगा दारातून आत आला. सवयीने सगळ्यांची नजर डाव्या बाहीवर गेली. तिथे हशा ठरलेला असे. आज दोनशे माणसं गप्प. शेजारची बाई नवऱ्याच्या कानात म्हणाली, कोट काय सुरेख बसलाय. मास्तरांनी ते ऐकलं आणि नजर समोरच ठेवली.

मुलाचा उजवा हात डाव्या बाहीत गेला. धागा चिमटीत आला होता. तो तिसऱ्या रांगेकडे बघत होता.