लग्नाचा रकाना

जुन्या दप्तरांच्या कचेरीत कारकून खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावणार, तेवढ्यात थोरलीने छत्रीची दांडी आत सरकवली. पाटी तिथेच अडकली.

“आजी, जेवायची सुट्टी झाली.”

“आजी कुणाला म्हणता? तुमचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. सकाळपासून बाकावर बसवलंय, आता काय आमचं लोणचं घालणार आहात?”

धाकटी तिच्या मागे मान खाली घालून उभी होती. ताईबरोबर बाहेर पडायचं तर तोंडात माफी तयारच ठेवावी लागते, हे ती लहानपणीच शिकली होती. पण कारकून चिडला नाही. त्याने डबा बाजूला सारला आणि दोघींना आत बोलावलं.

काम असं होतं. गिरणीच्या आगीला शंभर वर्षं होत आली होती. तिच्यात गेलेल्यांच्या नावांचा दगड चौकात बसायचा होता, आणि त्यात या दोघींच्या आजोबांचं नाव नव्हतं, कारण त्यांचं प्रेत सापडलंच नव्हतं. समितीचं म्हणणं, आगीच्या आधीच्या आणि नंतरच्या खानेसुमारीची नक्कल आणा. आधीच्यात माणूस दिसला पाहिजे, नंतरच्यात दिसता कामा नये. अर्ज आज द्यायचा होता, उद्या कोणी घेणार नव्हतं.

थोरलीने हे आजोबा उभ्या जन्मात ज्याला ऐकवले नाहीत असा माणूस गावात नव्हता. लग्नघरात, नळावरच्या भांडणात, एकदा तर दात उपटायला तोंड उघडून बसलेली असताना दाताच्या डॉक्टरलासुद्धा. आमचे आजोबा दुसऱ्यांना बाहेर काढता काढता गेले! आणि आजी? गिरणीने विधवांना फुकट खोल्या दिल्या तेव्हा मॅनेजरच्या तोंडावर दार लावून घेणारी बाई. दगडावर नाव आलं नाही, तर इतकी वर्षं थोरली थापा मारत होती असाच अर्थ व्हायचा.

पहिलं बाड लगेच सापडलं. अक्षरओळख थोरलीला बेताचीच, म्हणून धाकटीने वाचलं. “कुटुंबप्रमुख. बॉयलरवर कामाला. बायको, एक मुलगा.”

“मुलगा म्हणजे आपले बाबा,” थोरली कारकुनाला म्हणाली, जणू त्याने शंका घेतली होती. “पुढचं काढा.”

दुसऱ्या बाडाला कारकुनाला शिडी लावावी लागली. धाकटीचं बोट ओळीवरून सरकलं आणि थांबलं.

“काय गं? वाच की. वाचा बसली का?”

“कुटुंबप्रमुख म्हणून आजीच आहे. मुलगा आहे. आजोबा नाहीत.”

“झालं तर मग! मारा शिक्का.”

“ताई, लग्नाच्या रकान्यात ‘विवाहित’ लिहिलंय.”

कारकून वाकला. “चूक झाली असेल. गणनेवाले दिवसभर पायपीट करायचे, एखादी ओळ चुकायची.”

“आजूबाजूचं वाच,” थोरली म्हणाली.

धाकटीने वाचलं. त्याच चाळीत, वरच्या घरात विधवा. खालच्या घरात विधवा. त्याखाली पुन्हा विधवा. पहिल्या बाडात या सगळ्यांचे नवरे बॉयलरवर होते.

कारकुनाने त्या ओळी स्वतः पुन्हा वाचून पाहिल्या.

“दूधवाल्याने माप अर्धं बोट कमी भरलं, तर आजी त्याला गल्लीच्या टोकापासून परत बोलवायची,” थोरली सावकाश म्हणाली. “ती चुकीचं लिहू देणार? पुढच्या खेपेचं काढा.”

“त्याची समितीला गरज नाही.”

“मला आहे.”

दहा वर्षांनंतरच्या बाडात, त्याच घरात, आजीच्या नावापुढे ‘विधवा’ होतं.

धाकटीने बाड हळूच मिटलं. “म्हणजे आजोबा आगीत गेलेच नाहीत, नंतर मधे कधीतरी वारले. आणि तिला कळलं. पण आपल्याला तर ती...” तिने बाड बाजूला सारलं. “ताई, खोली का घेतली नाही तिने, तेही कळलं बघ.”

“कळलं मला. मोठ्याने सांगायची गरज नाही.”

थोरलीची नजर टेबलावर होती. गावभर, पोटच्या पोराला, नातींना, सगळ्यांना आजीने एकच सांगितलं. आणि खरं सांगितलं ते कुणाला, तर दारात पेन्सिल घेऊन आलेल्या, पुन्हा कधी न दिसणाऱ्या एका परक्या माणसाला.

कारकून खाकरला. “हे बघा, समिती फक्त नाव आहे की नाही तेवढं बघते. लग्नाचा रकाना कुणी वाचत नाही. पहिल्या दोन नकला देतो शिक्का मारून. तुमचं काम होईल.”

“घेऊ या, ताई,” धाकटी हळूच म्हणाली. “आता कुणाचं काय बिघडतंय?”

कारकुनाने शिक्का शाईत बुडवला. थोरलीने हात पुढे करून नक्कल त्याच्या खालून ओढून घेतली. टेबलाच्या फळीवर निळा ठसा उमटला.

“ज्या बाईने खोटी खोली घेतली नाही, तिच्या नवऱ्याला मी खोटा दगड देऊ?” ती म्हणाली. तिने समितीचा अर्ज उभा आडवा फाडला, तुकडे पिशवीत टाकले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. “जिवंत होता ना तो? मग कुठल्या ना कुठल्या गावात कुणीतरी मोजलाच असेल त्याला. शोधा.”

“अहो, सगळा मुलूख पालथा घालावा लागेल.”

“घाला. मी काय पळून जातेय? ते आमच्याकडे एकालाच जमलं.”

धाकटीला हसू आलं आणि डोळेही भरले. कारकुनाने कपाटाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने शोधाची नवी चिठ्ठी पुढे ओढली.

“शोधाचं कारण काय लिहू?”

“लिहा, जाब विचारायचाय.”

त्याने धाकटीकडे पाहिलं.

“तसंच लिहा,” धाकटी म्हणाली, आणि बाकावर ठेवलेली स्वतःची पिशवी आत आणायला उठली.