आतून लावलेली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. रोमानियातल्या एका खेड्यात ओनोफ्रेइ लोहाराने मला घडवलं. पुढची पंचवीस वर्षं मी इलिंकाच्या माहेरी कोंबड्यांच्या खुराड्याला होते. कोल्हा यायचा, दाराला नाक घासायचा आणि हात हलवत परत जायचा. इलिंकाची आई म्हणायची, "ही आहे म्हणून कोंबड्या आहेत बघ!" मला भारी वाटायचं.

मित्रांनो, एक दिवस इलिंकाचा फोन आला. नवरा वारल्यावर ती सात वर्षांच्या लेकीला, दारियाला, घेऊन इटलीतल्या सिसिली बेटावर टोमॅटोच्या कामाला गेली होती.

"आई, खुराड्याची कडी काढून पाठव."

"अगं बाई! एवढ्या मोठ्या इटलीत कडी मिळत नाही होय?"

"मिळते गं. पण बाजार अकरा किलोमीटरवर, आणि गाडी मालकाची. त्याला काय सांगू, तुलाच दाराबाहेर ठेवायला कडी आणायचीय म्हणून?"

म्हातारीने लगेच मला खुराड्यावरून काढलं. आमच्याकडून दर आठवड्याला एक मिनिबस घराघरांतली बोचकी घेऊन इटलीला जाते. फडक्यात गुंडाळून, वांग्याच्या चटणीच्या बरण्यांमध्ये ठेवून तिने मला त्या बसने धाडलं.

पॉलिहाऊसच्या रांगांमध्ये इलिंकाची खोली होती. कुलपाची दुसरी किल्ली मालकाकडे. इलिंकाने भाजीच्या सुरीनेच स्क्रू पिळून मला दाराला आतून बसवलं. दुपारी मालक सारो आला. त्याने किल्ली फिरवली, दार ढकललं, खांदा लावून पुन्हा ढकललं. मी जागची हलले नाही. शिव्या घालत तो गेला, तेव्हा इलिंका मला म्हणाली, "शाबास गं बाई!" आणि खाली बसून रडली. त्या रात्री मायलेकी गाढ झोपल्या.

सकाळी शाळेची वेळ झाली, पण मालकाची गाडी आली नाही. शाळा बाजाराच्या गावात, दारियाला तिथे तोच सोडायचा. "गाडी बिघडलीय," तो म्हणाला, आणि त्याच गाडीत टोमॅटोच्या पेट्या भरून निघून गेला. असे नऊ दिवस गेले. पोर दिवसभर औषध मारलेल्या पॉलिहाऊसच्या उकाड्यात बसून खोकायची.

शेजारच्या खोलीतली सांदा म्हणाली, "उघड बाई दार. माझे दोघे शाळेत कसे जातात, वाटलं तुला? मी काय हौसेने उघडते?"

"गप्प बस गं, सांदाताई."

"गप्पच आहे. चार वर्षं झाली."

दहाव्या दुपारी बाहेर मालक खाकरल्याचा आवाज आला. इलिंकाने दारियाला सांदाकडे पाठवलं. तिचा हात माझ्यावर आला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला, गारठलेला. मग तिने मला सरकवलं. हात तिचा होता, पण मर्जी तिची नव्हती, हे मला लोखंडालाही कळलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी वेळेवर येऊ लागली.

एका रविवारी इलिंका लेकीचं बोट धरून अकरा किलोमीटर चालत गेली आणि पोलीस चौकीत तक्रार देऊन आली. केवढं धाडस तिचं! सोमवारी चौकशीला एक साहेब आले. सारो हसतच होता.

"बघा ना साहेब, कडी आतून आहे. मी काय भिंतीतून आलो?"

साहेबांनी वाकून माझ्यावरून बोट फिरवलं. "मोडल्याची खूण नाही. बाई, कडी तुम्हीच काढलीत ना?"

"मीच काढली. पण साहेब, माझ्या पोरीची शाळा..."

तोवर त्यांनी वही मिटली होती.

त्याच आठवड्यात मालकाने मायलेकींना खोलीबाहेर काढलं. त्या कुठे गेल्या ते मला ठाऊक नाही. आता इथे दुसरी बाई राहते, मोरोक्कोहून आलेली. तिलाही शाळेत जाणारा मुलगा आहे. ती रोज मला घट्ट लावते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, गंजू देऊ नका, असलं काही मी मागत नाही. उद्या तुमच्यातलं कोणी साहेब होईल, अशाच एखाद्या खोलीत येईल. कडी कोणी काढली, ते जरूर विचारा. पण ती काढली नसती तर त्या बाईचं आणि तिच्या लेकराचं काय झालं असतं, तेही विचारा. आणि तिचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबा.